होम्स वॉटसनला 'नॉक अप' करतो तेव्हा...

टिटवी

मंडळी, एक इंग्रजी क्रियापद डोक्यात अडकलंय, मदत करा.

शेरलॉक होम्सची 'स्पेकल्ड बँड' बऱ्याच जणांनी वाचली असेल. १८९२ साली 'स्ट्रँड' मासिकात आलेली. सुरुवातीलाच होम्स वॉटसनच्या पलंगाशी उभा. सकाळचे सव्वासात झालेत (म्हणजे होम्सच्या हिशेबानं मध्यरात्रच) आणि होम्स माफी मागतोय, की बाबा रे, तुला 'नॉक अप' करतोय, पण आज सगळ्यांच्याच नशिबी तेच आहे. आधी घरमालकीण मिसेस हडसन नॉक अप झाली, तिनं तो राग माझ्यावर काढला आणि मी तुझ्यावर.

सिएटलला वाढलेल्या माझ्या भाचीनं हे वाचलं आणि हसून हसून तिची मुरकुंडी वळली. तिकडे या शब्दाचा एकच अर्थ: बाईला दिवस जाणे, तेही शक्यतो न ठरवता. तिच्या कानांना होम्सचं बेकर स्ट्रीटचं ते घर म्हणजे सूतिकागृहच वाटलं असणार. इकडे आमच्या क्लबात साठीतले काका रोज सकाळी रॅकेट परजत "चला, पाच मिनिटं नॉक अप करू" म्हणतात, ते वेगळंच.

शब्दकोश पाहिलाय, त्यामुळे एक-दोन-तीन करत अर्थ टंकू नका. कुठे ऐकलंत, कोणाच्या तोंडी ऐकलंत, ते सांगा.

आळशी_बोका

पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे. संपादक कात्री घेऊन यायच्या आत लिहा लोकहो.

लँकेशायरची_सून

माझ्या सासरच्या गावी, उत्तर इंग्लंडातल्या लँकेशायरमध्ये, हा शब्द म्हणजे चक्क एक धंदा होता. 'नॉकर-अप'. कापडगिरण्यांच्या गावांत, गोदीच्या भागात, लंडनच्या ईस्ट एंडला, सगळीकडे ही माणसं असत. गजराचं घड्याळ कामगाराला परवडायचं नाही, परवडलं तरी त्याचा भरवसा नसायचा. गिरणीच्या फाटकावर पाच मिनिटं उशीर झाला की पगार कापला जायचा. मग आठवड्याला काही पेन्स देऊन माणूसच लावायचा.

हा माणूस (बायकाही बऱ्याच असत) पहाटे तीन-चारला लांबलचक बांबू घेऊन निघायचा. बांबूच्या टोकाला तारांचा झुपका. वरच्या मजल्यावरच्या झोपायच्या खोलीच्या काचेवर त्या तारा घासायच्या, खडखड करायची, आतून पडदा हलला किंवा कोणी हात दाखवला की पुढचं घर. काही ठिकाणी दाराशेजारी पाटी टांगलेली असायची, तिच्यावर खडूनं वेळ लिहून ठेवायची. पाळी बदलली की पुसून नवी वेळ.

बांबू का, दार का वाजवायचं नाही? तर आधी दारच वाजवत. त्यात गंमत अशी व्हायची की ज्यानं पैसे भरलेत तो उठायचाच, शिवाय डावी-उजवीकडचे शेजारीही उठायचे. त्यातले अर्धे झोपमोड झाली म्हणून भांडायला यायचे आणि उरलेले अर्धे एक पैसाही न देता वेळेवर कामाला जायचे! म्हणून मग फक्त गिऱ्हाईकाचीच खिडकी वाजेल अशी सोय.

ईस्ट एंडच्या लाइमहाउस भागात मेरी स्मिथ नावाची बाई होती, ती तर नळीतून वाळके वाटाणे फुंकून काचेवर मारायची. १९३० च्या आसपासचा तिचा फोटो प्रसिद्ध आहे, नेटवर सहज सापडेल: अंगात कोट, मान वर, तोंडाला लांब नळी. दर आठवड्याला सहा पेन्स.

हा धंदा दुसऱ्या महायुद्धानंतर ओसरला, पण उत्तरेकडे तुरळक ठिकाणी नंतरही चालू होता. नवऱ्याच्या आजीच्या पिढीला "नॉक मी अप ॲट फाइव्ह" यात काहीही वावगं वाटत नसे.

फुकट_फौजदार

शेजाऱ्याच्या पैशावर जागं होणारे ते लोक मूळचे सदाशिव पेठेतले असावेत असा दाट संशय आहे. दिवे घ्या (म्हणजे हलकं घ्या).

टिटवी

@लँकेशायरची_सून, वाटाणे! काय प्रतिसाद आहे. पण मग या नॉकर-अपला कोण उठवायचं?

लँकेशायरची_सून

हा प्रश्न तिकडच्या लोकांनाही पडलेला. त्यावर जीभ वळवणारं एक बडबडगीतच आहे. उत्तर साधं आहे, ते रात्री झोपतच नसत. फेरी संपली की दिवसा झोपायचे. काही ठिकाणी रात्रपाळीचे पोलीसच गस्तीत हे काम करून वरकमाई करत.

अवांतर, पण इथे सांगायलाच हवं. ३१ ऑगस्ट १८८८ ला पहाटे लंडनच्या व्हाइटचॅपलमध्ये मेरी ॲन निकोल्सचं प्रेत सापडलं. जॅक द रिपर या अज्ञात मारेकऱ्याच्या खुनांपैकी हा पहिला धरतात. ज्या दोन गाडीवानांनी प्रेत पाहिलं त्यांनी वाटेत भेटलेल्या मायझन नावाच्या हवालदाराला सांगितलं. हवालदारसाहेब तेव्हा लोकांना नॉक अप करत होते. पुढे चौकशीत त्याला विचारलं गेलं, की खबर मिळाल्यावरही तू दारं वाजवत बसलास का? तो म्हणाला, नाही, जे एक चाललं होतं तेवढंच पुरं केलं. मृत्यूच्या चौकशीच्या कागदपत्रांत हा शब्द इतका सहज येतो, यावरून तेव्हा तो किती रोजचा होता ते कळतं.

गिरणगावचा_भोंगा

आमच्या लालबाग-परळात हे काम भोंगा करायचा. यंत्रं तुमच्याच लँकेशायरची, ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सची नावं ओतीव लोखंडावर असायची. पण बांबूवाला काही आला नाही. एका खोलीत दहा-पंधरा गाववाले, पाळीपाळीनं झोपणारे. एक कामावरून आला की त्याच्या वळकटीवर पडलेल्याला उठावंच लागायचं. बांबू कोणाला आणि कशाला?

भुसावळी_वांगं

बांबूवाला आला नसेल, पण त्याचा चुलतभाऊ आला! रेल्वेत. आमचं बालपण भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये गेलं, वडील मालगाडीवर ड्रायव्हर. त्यांच्या ड्युटीला ठरावीक वेळ नाही, गाडी भरेल तेव्हा बोलावणं. ते बोलावणं घेऊन 'कॉल बॉय' यायचा. नाव बॉय, माणूस पन्नाशीचा. सायकल, बॅटरी आणि काखेत 'कॉल बुक'. रात्री दोनला कडी वाजायची, वडील अर्धवट झोपेत उठून त्या वहीत सही करायचे, गाडी नंबर आणि वेळ लिहिलेली असायची. सही झाली की जबाबदारी यांची. निघायला दोनेक तास मिळायचे, तेवढ्यात आई स्टोव्ह पेटवून डबा करायची.

सहीशिवाय तो हलायचा नाही, हे महत्त्वाचं. नुसतं "हो हो, उठलो" म्हणून परत झोपणारे सगळीकडेच असतात. आता मोबाइलवर बोलावणं येतं.

आळशी_बोका

म्हणजे विलायतेत हात दाखवला की काम झालं आणि आपल्याकडे सही-शिक्का. सरकारी काम!

वासुदेव_आला_हो

आपला वासुदेव विसरलात का? तोही पहाटेच येतो.

भुसावळी_वांगं

वासुदेव दान मागतो हो, चारच्या पाळीला उठवायची हमी घेत नाही.

शुद्धिपत्र

धागा रुळावरून उतरायच्या आत थोडं व्याकरण. (उतरलाच आहे म्हणा, रेल्वे आलीच.)

या क्रियापदाचा अर्थ ओळखायची किल्ली त्याच्या कर्मात आहे. कर्म माणूस असेल आणि जवळपास वेळेचा उल्लेख असेल, तर 'उठवणे'. कर्म वस्तू असेल, म्हणजे खोपटं, फळी, दोन माणसांचं जेवण, तर 'हाताशी आहे त्यातून झटपट उभं करणे'. कर्मच नसेल तर खेळाडू बोलतोय. आणि कर्म बाई असून वाक्य कर्मणी असेल, तर भाचीचा अर्थ. त्यामुळे ब्रिटिश माणसाची सहसा गल्लत होत नाही. गल्लत होते ती ज्याच्या बोलीत यातला एकच खण भरलेला आहे त्याची. टिटवी यांची भाची त्यामुळेच हसली.

आणखी एक अर्थ, जो आता जवळजवळ मेलाय: थकून गळाठणे. जेन ऑस्टिनच्या 'मॅन्सफील्ड पार्क'मध्ये (१८१४) फॅनी नावाच्या नाजूक मुलीबद्दल म्हटलंय, की ही नेमानं व्यायाम करती तर इतक्या लवकर 'नॉक्ड अप' झाली नसती. अविवाहित मुलगी आणि हे वाक्य! अमेरिकेत ही कादंबरी शिकवणाऱ्या मास्तरांची त्या दिवशी काय अवस्था होत असेल. १९व्या शतकातल्या ऑस्ट्रेलियातल्या शोधमोहिमांच्या रोजनिशा वाचा, तिथे घोडे सारखे नॉक अप होताना दिसतील. घोडे, घोड्या नव्हेत.

आता हे सगळं एका 'अप'मध्ये कसं मावतं? तर हा 'अप' दर वेळी वेगळं काम करतो. 'उठवणे'मध्ये तो खरोखरचा वर आहे, आडवा माणूस उभा होतो. 'झटपट करणे'मध्ये तो नसलेलं अस्तित्वात आणतो. आणि थकण्याच्या अर्थात तो 'पार, पुरता' या अर्थाचा आहे, 'यूज्ड अप'मध्ये असतो तसा. धातू एक, उपपद एक, आणि तरी तीन निराळे जोड. आपण 'उठवणे'चं काय करतो? झोपेतून उठवतो, अफवा उठवतो, बाजार उठवतो, पंक्ती उठवतो, आणि एखाद्याला आयुष्यातून उठवतो. मराठी शिकणाऱ्या परक्या माणसाला हे समजावून दाखवा.

फुकट_फौजदार

'आवाज उठवला' राहिलं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये रोज ऐकतो.

उपहासिनी

सगळे मूळ मुद्द्याच्या कडेकडेनं चाललेत, म्हणून मीच बोलते. बाईला दिवस जाण्याचा अर्थ हा अमेरिकेतला नवा चहाटळपणा नाही. १९व्या शतकाच्या सुरुवातीच्या काळातल्या नोंदी सापडतात. १८३० च्या दशकातल्या एका अमेरिकी पुस्तकात गुलाम स्त्रियांच्या विक्रीवर एक कोटी केलेली आहे. लिलाव पुकारणारा हातोडी आपटून त्यांना 'नॉक डाउन' करतो आणि विकत घेणारा 'नॉक अप'. लिलावात माल ज्याच्या नावावर सुटला त्याला 'नॉक्ड डाउन टू' म्हणतात, त्यावरचा श्लेष. ज्यानं केला त्याला तो फार चतुर वाटला असणार. त्या काळात गुलाम बाईचं मूल जन्मतः मालकाच्या मालमत्तेत जमा होई, हे लक्षात ठेवून ते वाक्य पुन्हा वाचा.

२००७ मध्ये याच नावाचा विनोदी हॉलीवूडपट आला आणि उरलेल्या जगालाही हाच अर्थ पाठ झाला.

यात बाई नेहमी कर्म. 'शी गॉट नॉक्ड अप'. कोणी केलं तो वाक्यात असायची सक्ती नाही. आपल्याकडे तर त्याहून सोय आहे: 'दिवस गेले' म्हटलं की कर्ता कॅलेंडर! आणि खवचट बोलायचं तर 'तिचा पाय घसरला'. म्हणजे घसरलीही तीच, पडलीही तीच, शेजारी कोणी उभाच नव्हता.

टिटवी

@उपहासिनी, लिलावाचं माहीत नव्हतं. वाचून गप्प झाले. भाचीला आता एवढं सगळं सांगावं का हा प्रश्न आहे. सांगेन बहुतेक, चौदा वर्षांची आहे, शाळेत गुलामगिरी शिकतेच आहे.

चाकण_एमआयडीसी

'नॉक डाउन'वरून आठवलं. आमच्याकडे परदेशी गाड्या 'सीकेडी' येतात, 'कंप्लीटली नॉक्ड डाउन', म्हणजे सुटे भाग पेट्यांत भरून. इथे जोडायच्या. पूर्ण गाडी आणली की आयातकर जास्त, भाग आणले की कमी, म्हणून हा उपद्व्याप. डाउन झालेली गाडी जोडली की तिला 'नॉक अप' मात्र कोणी म्हणत नाही. बरंच आहे.

रॅकेटवाला

क्लबातल्या काकांचं मी सांगतो. मॅचआधी जाळ्याच्या दोन्ही बाजूंनी सौम्यपणे फटके मारत हात मोकळे करायचे, गुण मोजायचे नाहीत, हा नॉक-अप. टेनिस, बॅडमिंटन, स्क्वॉश, टेबल टेनिस, सगळीकडे. आपल्याकडे नुसतं 'नॉकिंग' म्हणतात, "ये, जरा नॉकिंग करू." अमेरिकन प्रशिक्षक मात्र कटाक्षानं 'वॉर्म-अप'च म्हणतात. मिश्र दुहेरीच्या आधी तर जास्तच कटाक्षानं.

क्रिकेटमधलं बॅटचं नॉकिंग वेगळं, त्यात 'अप' नसून 'इन' आहे. इंग्लिश विलोची नवी बॅट जवसाचं तेल चोळून ठेवायची, मग लाकडी हातोडीनं हळूहळू ठोकत कडा आणि पाता दाबून घट्ट करायचा. कडांना हातोडी तिरकी. घाई करून थेट नव्या चेंडूसमोर उतरलात तर बॅटला चिरा जातात. दुकानदार थोडे पैसे घेऊन करून देतात, पण बरेचदा उरकतात. घरी बसून करा. वरच्या मजल्यावर राहत असाल तर खालचे येतीलच, तेव्हा ते तुम्हाला नॉक अप करतील.

लेस्टरकर

एक अर्थ अजून कोणी लिहिला नाही आणि तो आजही जिवंत आहे. निवडणूक.

इंग्लंडमध्ये मतदानाच्या दिवशी पक्षांचे कार्यकर्ते जे करतात त्याला 'नॉकिंग अप' म्हणतात. आधीचे काही आठवडे दारोदार फिरून कोण आपला, कोण त्यांचा, कोण कुंपणावर याच्या नोंदी केलेल्या असतात. मतदान सकाळी सातला सुरू होतं, रात्री दहापर्यंत चालतं. केंद्राबाहेर पक्षाचा 'टेलर' बसतो. म्हणजे शिंपी नव्हे, मोजणारा. मत देऊन येणाऱ्याला तो नम्रपणे मतदारक्रमांक विचारतो. सांगायची सक्ती नाही, पण बरेच जण सांगतात. ते क्रमांक पक्षाच्या तात्पुरत्या कचेरीत जातात. ही कचेरी बहुतेक वेळा कोणा कार्यकर्त्याचीच बैठकीची खोली असते. तिथे आपल्या मतदारांच्या यादीतून त्या नावांवर काट मारायची. उरले ते मत न दिलेले आपले. आता त्यांची दारं वाजवायला निघायचं. हा झाला नॉक-अप.

जुनी पद्धत पाहण्यासारखी होती. रस्त्यावार याद्यांचे कागद, एकाखाली एक प्रती असलेले, टेबलावर ओळीनं चिकटवलेले. वरच्या प्रतीवर काटलं की खालच्यांवरही उमटायचं. दर फेरीला वरचा कागद फाडून कार्यकर्त्याच्या हातात द्यायचा, पुढच्या फेरीपर्यंत खालच्यावर काटाकाटी चालू. याला 'रीडिंग पॅड' म्हणत, कारण १९४५ मध्ये रीडिंग शहरातून निवडून आलेले मजूर पक्षाचे इयन मिकार्डो यांनी ती रुळवली. आता मोबाइलवर ॲप आहे, पण शब्द तोच.

भारतीय पासपोर्टवर तिकडे रीतसर राहणाऱ्यालाही राष्ट्रकुलाचा नागरिक म्हणून संसदेच्या निवडणुकीत मत असतं. त्यामुळे आमच्या भागातल्या गुजराती-पंजाबी-मराठी घरांनाही हे लोक सोडत नाहीत. संध्याकाळी सहा ते नऊ सगळ्यात जोर. पाऊस, अंधार, कुत्री, आणि दार उघडून "मी मत दिलं की हो सकाळीच!" असं वैतागून सांगणारी आजी, कारण सकाळी टेलर चहाला गेला होता.

आमच्या पक्षाच्या शाखेत एक अमेरिकन विद्यार्थी मदतीला आला होता. बाई संघटकानं त्याला पहिलंच काम सांगितलं, "या रस्त्यावरच्या सगळ्यांना नऊच्या आत नॉक अप करून ये." पोरगा यादी हातात धरून उभाच राहिला.

आळशी_बोका

खुर्चीवरून पडलो. पॉपकॉर्न सांडले.

कोल्हापुरी_कार्यकर्ता

आमच्याकडे यालाच 'मतदान बाहेर काढणं' म्हणतात. बूथबाहेर टेबल, हातात यादी, दुपारी तीननंतर रिक्षा आणि जीप. पद्धत तीच, फक्त दार वाजवून भागत नाही. म्हातारीला खुर्चीसकट उचलून आणावं लागतं.

बेकरीवाली

स्वयंपाकघरातलं एक. इंग्लिश पायला वरून पफ पेस्ट्रीचं झाकण लावलं आणि कडा कापल्या की सुरी आडवी धरून त्या कापलेल्या कडेवर बारीक बारीक टोचे मारत फिरायचं. याला 'नॉकिंग अप' म्हणतात. कापताना पदर दाबून एकमेकांना चिकटलेले असतात, या टोच्यांनी ते मोकळे होतात आणि भट्टीत कड नीट फुगते. करंजीला कातण फिरवतो ते शोभेसाठी आणि तुकडा कापायला, हे फुगण्यासाठी, गल्लत नको. सुरी गार हवी. पेस्ट्री ऊन झाली असेल तर टोचे मारून पदर सुटण्याऐवजी लोण्याचा चिखल होतो.

अण्णा_मस्कत

बांधकामातलं राहिलं. आमचा ब्रिटिश फोरमन दर अर्ध्या तासाला ओरडायचा, "नॉक अप अनदर मिक्स!" म्हणजे माल कालवा. पहिल्या आठवड्यात आमच्या केरळी मुकादमाला वाटायचं काहीतरी पाडायचंय. तो घण घेऊन यायचा.

टिटवी

@अण्णा_मस्कत, 🙂 सिमेंटचा माल फक्त, की चुन्याचाही?

अण्णा_मस्कत

दोन्ही, पण चुन्याच्या बाबतीत अर्थ थोडा वेगळा. चुना-वाळू कालवून झाकून, ओली ठेवून दिली की ती दिवसेंदिवस टिकते, घट्टसर गोळा होतो. वापरायच्या आधी तो गोळा पुन्हा ठोकून, दाबून, मळून मऊ करायचा, त्याला 'नॉकिंग अप' म्हणतात. पाणी जवळजवळ घालायचं नाही, नुसत्या ठोकण्यानंच तो सैल होतो. जुने वाडे आणि किल्ले दुरुस्त करणारे आपल्याकडचे लोक चुना घाण्यात मळून घेतात, त्यांना हे लगेच पटेल.

सिमेंटच्या मालाला मात्र हे करू नका. घट्ट व्हायला लागलेल्या घमेल्यात पाणी मारून परत कालवणारे गवंडी सगळीकडे भेटतात. दिसायला मऊ होतो, ताकद गेलेली असते. तुमच्या बाथरूमची फरशी अशा मालावर बसवताना दिसली, तर तिथल्या तिथे थांबवा.

फुकट_फौजदार

मागच्या महिन्यात बसवली. आता काय करू?

अण्णा_मस्कत

फरशीवर नाण्यानं टकटक करून बघा. पोकळ वाजली तिथली काढायची, बाकीची राहू द्या.